डाव्या पायाला सुट्टी

टायरला लाथ मारू नका. मी बोलतेय, आधी ऐकून घ्या. जुनी गाडी बघायला आलेला माणूस पहिल्यांदा टायरला लाथ का मारतो, हे मला बारा वर्षांत उमगलेलं नाही. घर बघायला गेलात तर भिंतीला लाथ मारता का? गाय बघायला गेलात तर तिच्या पायाला मारता का? मारून बघा एकदा, म्हणजे कळेल.

मी चारही चाकांना जोर देणारी गाडी आहे आणि माझे गिअर माझे मी बदलते. मूळचा रंग गडद हिरवा. आता अंगावरचे काही पत्रे माझे आहेत आणि काही दुसऱ्या कोणाचे. माझ्यावर एक आळ आला होता. तो खोटा होता. तो कसा आला आणि कोणी उतरवला, एवढंच सांगायचंय. मधूनमधून मी स्वतःची स्तुती करेन, ती सहन करा. दहा महिने मी भंगार हा एकच शब्द ऐकला आहे, त्याची थोडी भरपाई नको का?

कारखान्यात मी शेवटच्या पट्ट्यावरून उतरले तेव्हा पांढरे हातमोजे घातलेला एक तपासनीस माझ्यात येऊन बसला. शेजारी त्याचा सोबती होता. तपासनिसाने सगळं तपासलं आणि म्हणाला, "हिच्यात डाव्या पायाला काही काम नाही."

"मग त्यानं करायचं काय?" सोबत्याने विचारलं.

"आराम."

माझ्याबद्दल मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मला ते कौतुक वाटलं. तेव्हा मी नवी होते, माणसांची ओळख व्हायची होती.

आता थोडं कंटाळवाणं सांगते, पण ते ऐकल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझ्यात दोन दांड्या आहेत. लांब दांडी गिअरची. तिच्यावर चार अक्षरं: P म्हणजे उभं राहायचं, R म्हणजे मागे, N म्हणजे मोकळं, D म्हणजे पुढे. तिच्या शेजारी एक आखूड दांडी. जोर कोणत्या चाकांना द्यायचा ते ती ठरवते. दोन चाकांना, चारही चाकांना, किंवा चढ-चिखलासाठी चारही चाकांना सावकाश आणि दमदार. आणि या आखूड दांडीवरसुद्धा एक N आहे. तो लागला की इंजिन आणि चाकं यांचा काडीमोड होतो. मग लांब दांडी पुढे टाका, मागे टाका, इंजिन नुसतं ओरडतं. एवढंच काय, P टाकला तरी गाडी थांबत नाही, कारण P गिअरबॉक्सला धरून ठेवतो, आणि गिअरबॉक्सचा चाकांशी संबंधच उरलेला नसतो.

हे सगळं माझ्याबरोबर आलेल्या पुस्तकात पिवळ्या चौकटीत छापलं होतं. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर निघालंच नाही.

माझा पहिला मालक ठेकेदार होता. माझ्या चार चाकांच्या ताकदीचा त्याने भरपूर वापर केला, पण फक्त बोलण्यात. "ही कुठेही जाते," असं तो सगळ्यांना सांगायचा आणि मला घेऊन बँकेत, दाढी करायला आणि मुलीच्या शाळेत जायचा. अकरा वर्षांत माझ्या टायरला चिखल लागला तो धुलाईवाल्याच्या अंगणातला.

त्याचा ड्रायव्हर आयुष्यभर क्लचच्या गाड्या चालवलेला. मला पहिल्यांदा बाहेर काढलं तेव्हा गिअर बदलायचा म्हणून त्याने सवयीने डावा पाय जोरात दाबला. क्लच नव्हताच. पाय ब्रेकवर पडला आणि मागे बसलेल्या ठेकेदाराचं नाक पुढच्या सीटवर आपटलं. आठवडाभर हेच. ठेकेदाराचे दोन चष्मे फुटले. शेवटी ड्रायव्हरने युक्ती काढली. डाव्या पायातली चप्पल काढायची आणि तो पाय सीटखाली दुमडून ठेवायचा. गाडीतून उतरल्यावर चार पावलं तो लंगडत चालायचा आणि मला शिव्या द्यायचा. "असली कसली गाडी, धडधाकट माणसाला लंगडं करते," म्हणायचा.

मी मनात म्हणायचे, बाबा रे, तुला जड झालेलं हे सुख एखाद्याच्या फार गरजेचं असेल. पण माझं ऐकतंय कोण?

मग ठेकेदाराचा मेहुणा राहायला आला. हा रिकामा आणि हौशी. या दोन गोष्टी एका माणसात आल्या की घरातल्या वस्तूंनी जपून राहावं. त्याने माझा भोंगा बदलला, सीटांना झुली घातल्या आणि एके दिवशी ठेकेदाराच्या नव्या बंगल्यासमोरच्या उतारावर ब्रेकवर पाय दाबून मला उभी करून आखूड दांडीची मूठ बदलायला बसला. जुन्या मुठीवर खुणा होत्या. त्या जागी त्याला काचेचा गोळा बसवायचा होता, आत फूल असलेला. जुनी मूठ निघेना. त्याने दात-ओठ खाऊन हिसका दिला. मूठ निघाली आणि दांडी सरकून N वर गेली. त्याला पत्ता नाही. गोळा बसवला, मान तिरकी करून त्याकडे पाहिलं, लांब दांडी P वर टाकली आणि खाली उतरला. हातब्रेक ओढला नाही. P असताना हातब्रेक ओढणं त्याला कमीपणाचं वाटायचं.

मी घरंगळले. दुसरं काय करणार होते? वीस पावलं मागे जाऊन बंगल्याच्या फाटकाच्या खांबाला डाव्या अंगाने धडकले. ठेकेदाराच्या नावाची दगडी पाटी खाली पडून दुभंगली. माझं डावं दार वाकलं, काचेचा गोळा फुटला, आणि आखूड दांडीचा नुसता लोखंडी खुंट राहिला. कोणाला खरचटलं नाही, ही देवाची कृपा.

"P मध्ये होती," मेहुणा शपथेवर सांगत होता. "मी स्वतः टाकला होता. तरी आली अंगावर."

ठेकेदाराने मेकॅनिकला बोलावलं. तोही क्लचवाल्यांपैकी. त्याने लांब दांडी पुढे टाकली, इंजिन ओरडलं, मी जागची हलले नाही. मागे टाकली, तेच. तो खाली वाकला नाही, की आखूड दांडीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. हात पुसत म्हणाला, "बॉक्स गेला."

झालं. एकाने म्हटलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. ठेकेदाराला नाव फुटल्याचा राग होताच. मला दोराने ओढत जुन्या गाड्या विकणाऱ्या दलालाच्या आवारात नेण्यात आलं.

या दलालाला मी मनात गुळगुळीत म्हणायचे. त्याचं बोलणं तसं, डोकं तसं, आणि त्याने विकलेल्या गाड्यांचे टायरही तसेच. त्याने मला आवाराच्या मागच्या भिंतीशी उभी केली आणि काचेवर खडूने लिहिलं, 'सुट्या भागांसाठी'. मग एकेक भाग जाऊ लागला. आधी मागची सीट गेली. मग जादा चाक गेलं. माझा एक आरसा समोर उभ्या असलेल्या छोट्या पांढऱ्या गाडीला लागला. ती रोज माझ्याच आरशात मला दाखवायची की मी कशी दिसते. दर सोमवारी पहारेकरी येऊन माझं इंजिन चालू करायचा, कारण चालू इंजिनाला गिऱ्हाईक मिळतं. मी जीव तोडून ओरडायचे. पहारेकरी विडी ओढत बसायचा.

मी हार मानली नव्हती, एवढं मात्र लिहून घ्या. माझा गिअरबॉक्स शाबूत होता आणि मला ते ठाऊक होतं. आपण बरोबर आहोत हे ठाऊक असणं आणि ते सांगता न येणं, यात काय जळफळाट होतो तो मला विचारा.

दहा महिन्यांनी एके सकाळी आवारात एक बाई आणि तिचा मोठा भाऊ आले. बाई चाळिशीची. डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्यांच्या आधारात आवळलेला. तो गुडघ्यात वाकत नव्हता, चालताना कमरेतून फिरवून पुढे टाकावा लागत होता. ती जनावरांची डॉक्टर होती. डोंगरातल्या वस्त्यांवर तिला डॉक्टरताई म्हणत. वर्षापूर्वी एका अडलेल्या गाईचं वासरू ओढून काढताना गाय कोसळली ती तिच्या गुडघ्यावर. गाय जगली, वासरू जगलं, पाय तेवढा गेला.

हे मला त्या दोघांच्या भांडणातून कळलं. भाऊ त्या पांढऱ्या गाडीपाशी उभा राहून म्हणत होता, "ही घे. ऑटोमॅटिक आहे, क्लचची भानगड नाही. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर."

"दादा, ही पहिल्या ओढ्यात बसेल."

"ओढ्यात जायचंय कशाला? साहेब टेबल देतायत ना? पंख्याखाली बस, शिक्के मार. एवढं सोसलंस ते पुरे नाही का?"

"टेबलाला चाकं असती तर बसले असते," ती म्हणाली. "परवा सोमवारी साहेब येणार आहेत माझ्याबरोबर वरच्या वस्तीपर्यंत. मी गाडी चालवत नेली आणि काम करून परत आणली तर फिरती माझी. नाही जमलं तर टेबल. मला चारही चाकं ओढणारी गाडी हवी, आणि क्लच नसलेली. दोन्ही एकात."

"अगं, मी सोडत जाईन तुला. रविवारी मला सुट्टी असते."

"तुझी सुट्टी बघून जनावरं आजारी पडतात का, दादा?"

 डावलणं हा शब्द ज्या कोणी काढला, त्याने डाव्या पायाचं दुःख जवळून पाहिलं असावं. मायेनेसुद्धा माणसाला डावलता येतं, हे मला त्या दिवशी दिसलं. आणि मला राग आला, तिच्यासाठी आणि माझ्यासाठीही.

तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. "ती मागची हिरवी?"

"ती दाखवायची नाही," गुळगुळीत म्हणाला. "बॉक्स गेलाय तिचा. भंगाराच्या भावानं सुटे भाग विकतोय मी."

"क्लच आहे?"

"नाही. फोर व्हील, ऑटोमॅटिक. पण ताई, मेलेली आहे ती."

"अख्खी देता का मग? भंगाराच्या भावानं?"

गुळगुळीतने हात झटकले. "आत्ता न्या."

"शब्द?"

"शब्द."

ती पाय फिरवत माझ्यापाशी आली. टायरला लाथ मारली नाही. बॉनेटवर तळहात ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि मला आतून भरून आलं. मग तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"आजार कधीपासून?"

"आजार?" गुळगुळीत गोंधळला. "दहा महिने झाले. उतारावर उभी होती, P मध्ये होती, तरी घरंगळली."

"आणि त्यानंतर?"

"पुढे टाका, इंजिन ओरडतं, गाडी ढिम्म. मागे टाका, तेच."

"म्हणजे पुढे जाणं, मागे जाणं आणि थांबून राहणं, तिन्ही एकाच क्षणी गेलं. त्याआधी काही कुरकुर? झटके, आवाज?"

"काही नाही म्हणतात."

ती म्हणाली, "गाईनं खाणं, उठणं, चालणं एकदम सोडलं तर मी आधी तिचं दावं बघते, आणि मग गाय."

तिने बॉनेट उघडायला लावलं आणि गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढून काढली. पाय प्लास्टरमध्ये असताना तीन महिने अंथरुणावर पडल्या पडल्या तिने ऑटोमॅटिक गाड्यांची पुस्तकं वाचून काढली होती. बॉक्स जळला की तेल काळं पडतं आणि त्याला करपल्याचा वास येतो. तिने पट्टी नाकाशी नेली. माझं तेल लाल होतं, स्वच्छ होतं. अकरा वर्षं बँकेत आणि शाळेत जाऊन कोणाचं तेल करपतं?

"दादा, हे बघ."

"मला काय कळतंय त्यातलं," भाऊ म्हणाला, पण त्याने वाकून वास घेतला.

ती आत बसली. सीट पार मागे सरकवली, सरळ डावा पाय हातांनी उचलून आत घेतला आणि डाव्या बाजूला ठेवून दिला. तिथे काही नव्हतंच त्याला अडवायला. मग तिने लोखंडी खुंटाला हात लावला. "हा काय?"

"तो नुसता शोभेचा," गुळगुळीत म्हणाला. "चार चाकांचा आहे. कोणी वापरत नाही."

"ह्याच्यावरच्या खुणा कुठायत?"

"मूठ फुटली होती. आलीच तशी."

ती हसली. मी दहा महिन्यांत ऐकलेलं पहिलं हसू. तिने इंजिन चालू केलं, उजवा पाय ब्रेकवर दाबला, लांब दांडी N वर आणली आणि खुंट दोन्ही हातांनी धरून ओढला. गंजला होता. हलेना. तिच्या कपाळावरची शीर फुगली. मी म्हणत होते, ओढ बाई, अजून ओढ, तिथेच आहे सगळं. खाली कुठेतरी 'खट्' झालं.

लांब दांडी D वर. ब्रेक सुटला. मी निघाले.

मऊ पडलेल्या टायरांवर, एका आरशाने, डाव्या दाराचा खडखडाट करत मी त्या आवारात गोल फेरी मारली. पहारेकऱ्याची विडी हातातच विझली. पांढऱ्या गाडीसमोरून जाताना मी मुद्दाम सावकाश गेले. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

फेरी संपली तेव्हा गुळगुळीतचा चेहरा बदलला होता. "ताई, आता गाडी चालू निघाली म्हटल्यावर भाव तो राहणार नाही. चालू गाडीचा भाव वेगळा."

मी पुन्हा थांबले. ब्रेक तिने दाबला होता, पण मी त्याच्याआधीच थांबले होते. तिच्यापाशी भंगाराच्या भावाएवढीच ऐपत आहे, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सोमवार परवावर आला होता.

आणि मग, ज्याला मी नकोच होते तो भाऊ पुढे झाला. गुळगुळीतच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला. "मगाशी मेलेली होती ना?"

"मगाशी होती, साहेब, पण..."

"मेलेली म्हणून शब्द दिलात. दहा महिने तुमच्याकडे होती, तुम्हाला कळलं नाही. तिला कळलं. त्या कळण्याचे पैसे तुम्ही तिच्याकडून घेणार? काचेवर काय लिहिलंय वाचा. सुट्या भागांसाठी. आम्ही सगळे सुटे भाग घेतोय. जोडलेले आहेत तसेच द्या."

त्याला मी आवडले होते म्हणून नव्हे. बहिणीला कोणी गंडवलेलं त्याला खपत नव्हतं, आणि गेलं वर्षभर तो स्वतःही तिला असाच डावलत आला होता, हे बहुधा बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं असावं. कागद झाले. आरसासुद्धा त्याने पांढऱ्या गाडीवरून काढून घेतला.

रविवारची सुट्टी भावाने माझ्याखाली उताणं पडून घालवली. टायर, तेलं, पट्टे सगळं झालं. डाव्या दाराचा खडखडाट मात्र काही केल्या जाईना. आखूड दांडीला डॉक्टरताईने औषधाच्या बाटलीचं जाड रबरी बूच बसवलं, आणि जखमांना लावायच्या जांभळ्या औषधात काडी बुडवून त्यावर खुणा लिहिल्या: २, ४, न, दम.

"न म्हणजे?" भावाने विचारलं.

"न म्हणजे नाही. तिथे कधीच नाही." असं अक्षर कारखान्यालाही सुचलं नव्हतं.

सोमवारी साहेब आले. वाईट माणूस नव्हता. आधी कागद टाईप करून मग पाहणीला निघणारा, एवढंच. त्यांच्या मांडीवरच्या फायलीतून टेबलाच्या नेमणुकीचा हुकूम बोटभर बाहेर डोकावत होता. सही तेवढी बाकी होती. ते डाव्या सीटवर बसले आणि निघाल्यापासून दोनच गोष्टी बोलत राहिले. एक, "हळू." दोन, "हे दार फार वाजतं हो."

ओढा आला. ताईने आखूड दांडी चारवर टाकली आणि मी पाण्यात उतरले. अकरा वर्षं ज्यासाठी नुसती थाप मारली गेली होती, ते मी पहिल्यांदा केलं. चारही चाकांनी तळ धरला. पुढे अकरा वळणांचा चिखलाचा चढ. तिथे दांडी 'दम'वर. मी सावकाश, एकेक वळण घेत चढले. साहेबांचा डावा पाय सगळा वेळ नसलेला क्लच दाबत होता.

वर ताईने दोनशे मेंढ्यांना लस टोचली. मेंढ्या तिच्याकडे आणून धरायची माणसं होती. सरळ पाय पुढे ठेवून ती एका दगडावर बसली होती आणि हात यंत्रासारखा चालत होता. साहेब घड्याळ बघत होते. निघायच्या वेळी एक बाई धावत आली. तिची कालवड तीन दिवस हगवणीने आडवी होती. डोळे खोल गेलेले, कान गार. ताईने कातडी चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाली, "हिला खाली दवाखान्यात न्यायला हवं. आणि नेता नेता शिरेतून पाणी द्यायला हवं, नाहीतर वाटेतच जाईल."

माझी मागची सीट विकली गेली होती हे आठवतंय? तिथे आता सपाट जागा होती. कालवड मावली. तिच्या शेजारी सरळ पाय पसरून ताई बसली, एका हातात वर धरलेली बाटली, दुसऱ्या हातात कालवडीची मान.

मग ताईच्या, साहेबांच्या आणि माझ्याही लक्षात आलं की पुढे चालवायला कोणीच नाही.

"मला असली गाडी येत नाही," साहेब म्हणाले.

"उजवा पाय ब्रेकवर, लांब दांडी D वर. एवढंच आहे, साहेब. आखूड दांडी 'दम'वरच आहे, तिला हात लावू नका."

साहेब बसले. निघाले. चार हात गेले आणि त्यांचा डावा पाय दाणकन ब्रेकवर पडला. कालवड पुढे सरकली, बाटली ताईच्या कपाळावर आपटली. पुन्हा निघाले, पुन्हा तेच.

"साहेब, डावा पाय."

"तो आपोआप जातो हो. काय करू त्याचं?"

"काही करू नका," मागून ताई म्हणाली. "माझाही काही करत नाही. चालतंय की."

साहेबांनी डावा बूट काढला आणि तो पाय सीटखाली दुमडून ठेवला.

पहिलं वळण आलं. खाली दरी, पुढे निसरडा उतार. साहेबांनी उजव्या पायाने ब्रेक असा दाबला की चाकं घसरायला लागली.

"ब्रेक सोडा," ताई म्हणाली.

"उतारावर?"

"सोडा. ती धरेल."

ती म्हणजे मी. उतारावर घरंगळणारी, P ला न जुमानणारी, अंगावर येणारी. साहेबांनी डोळे बारीक करून पाय उचलला, आणि मी धरलं. इंजिनाच्या दमावर, चारही चाकांनी, माणसाच्या चालीने. अकरा वळणं मी त्या तिघांना खाली उतरवलं आणि एकदाही मर्यादा सोडली नाही. ठेकेदार, मेहुणा, मेकॅनिक, सगळ्यांना तिथे रांगेत उभं करायला हवं होतं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा कालवडीने मान उचलली होती. लोकांनी तिला आत नेलं. साहेब उतरले, आणि पायाला मुंग्या आल्यामुळे चार पावलं लंगडत चालले. दवाखान्याच्या दाराला धरून उभे राहिले.

"अवघडला का?" ताईने विचारलं.

"सवय नाही."

"होते," ती म्हणाली, आणि पाय फिरवत आत गेली.

साहेब बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत होते. मग ते परत आले, डाव्या सीटवरची फाईल उचलली आणि दार लावलं. दार वाजलं. त्यांनी ते हलवून पाहिलं, पुन्हा वाजलं. फायलीतून त्यांनी तो टेबलाचा हुकूम काढला, त्याची घडी केली, घडीची घडी केली, आणि दार व चौकट यांच्या फटीत अंगठ्याने घट्ट बसवला. दार हलवलं. आवाज नाही.

तो कागद अजून तिथेच आहे. या पावसाळ्याला एक वर्ष होईल. ताई आठवड्यातून चार दिवस फिरतीवर असते. कालवडीची आता गाय व्हायला आली.

हल्ली मला बघायला माणसं येतात. अशी गाडी आता मिळत नाही म्हणे. परवा गुळगुळीतही येऊन गेला, दुप्पट भाव बोलला. ताई आत हात धूत होती. तिथूनच म्हणाली, "न." त्याला कळलं नाही. मला कळलं.

तेव्हा तुम्हीही उगाच हेलपाटा घेतलात. चहा मिळेल, गाडी मिळणार नाही. दुसऱ्या कुठल्या आवारात माझ्यासारखी कोणी भिंतीशी उभी दिसली, तर भंगार म्हणण्याआधी वाकून तिची आखूड दांडी बघा. आणि एवढं ऐकूनही टायरला लाथ मारायचीच असेल, तर डाव्या पायाने मारा. माझ्यापाशी त्याला दुसरं काम नाही.